कागदावरच्या शेळ्या

निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात माझ्याकडे १०,२४० शेळ्या होत्या. सगळ्या उस्मानाबादी, सगळ्या निरोगी आणि सगळ्या एका पाठकोऱ्या कागदावर.

हिशेब अगदी साधा होता. उस्मानाबादी शेळी दोन वर्षांत तीनदा विते, हे शेळीपालनाच्या कुठल्याही पुस्तिकेत पहिल्या पानावर असतं. जुळं देणं तर तिच्या अंगवळणीच पडलेलं. म्हणजे दहा शेळ्या, तीन वेतं, दर वेताला दोन करडं. दहा त्रिक तीस, तीस दुणे साठ. त्यातले तीस बोकड विकायचे, तीस पाटी ठेवायच्या. (पाट म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी. महिन्याभरापूर्वीपर्यंत मलाही पाट म्हटलं की पंगतीतला लाकडी पाटच आठवायचा.) दहाच्या झाल्या चाळीस. पुढच्या दोन वर्षांत चाळीसच्या एकशे साठ. अशी दर दोन वर्षांनी चौपट करत गेलो आणि दहाव्या वर्षापाशी पेन थांबलं. आकडा बघून मलाच धडकी भरली, कारण तुळजापूर तालुक्यातली आमची वडिलोपार्जित जमीन सगळी मिळून साडेतीन एकर. पण गोठ्यात एका मोठ्या शेळीला दहा चौरस फूट जागा पुरते. लगेच गुणाकार केला. सव्वादोन एकर आणि वर थोडं. म्हणजे दहा हजार शेळ्या दाटीवाटीने का होईना उभ्या राहून वर एकरभर रान चाऱ्यालाही उरत होतं.

कागद बायकोपुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात एकही मरत नाही का?"

"पाच टक्के मरतूक धरलीय की. तो वेगळा कागद आहे."

"आणि दहा वर्षं आपण दोघं जगतोय, ते कुठल्या कागदावर धरलंय?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मोठ्या उद्योगांची सुरुवात अशाच घरगुती विरोधातून होत असते.

दोष एकट्या माझा नाही. हल्ली मोबाइल उघडला की गॉगल लावलेला एखादा तरुण उंच लाकडी गोठ्यासमोर उभा राहून महिन्याला लाख कसे मिळवायचे ते सांगतो. त्याच्या मागे शेळ्या असतात, त्या मात्र काही बोलत नाहीत. मी तीन दिवसांचं प्रशिक्षणही केलं. तिथे माझ्यासारखे निवृत्त बरेच होते. खरा शेळीवाला एकही नव्हता. त्याला बिचाऱ्याला वेळ कुठून मिळणार?

घरी मेहुणा होताच. "उस्मानाबादी कसली घेताय? बोअर घ्या, बोअर. आफ्रिकन. वजन बघा त्याचं." मेहुण्याने आयुष्यात पाळलेला एकमेव प्राणी म्हणजे काचेच्या पेटीतला मासा, आणि त्यालाही खायला घालायची कामवाली. म्हणीतला शहाणा शेळ्या हाकायला निदान उंटावर तरी चढला होता. आमचा मेहुणा सोफ्यावरूनच हाकतो.

पण मी ठाम राहिलो. आपल्या राज्याच्या नोंदणी झालेल्या शेळ्यांच्या जाती चार: उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ. त्यातली पहिली माझ्या गावची. दुष्काळी मुलुखात बोरी-बाभळीवर जगणारी, दूधही देणारी आणि मटणालाही नाव असलेली. २०२३ साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. शेळीला कुणी विचारलंच नाही. सरकारदरबारी ती अजून उस्मानाबादीच आहे, आणि तिची स्वतःची याबद्दल काही तक्रार असल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

गावी चुलतभाऊ राहतो. त्याला आम्ही दादा म्हणतो. गुरंढोरं, शेरडं, कोंबड्या, दादा आणि दादाची विहीर, हे सगळं वहिनी सांभाळते. मी फोनवर दहा शेळ्यांचं सांगितलं. वहिनी थोडा वेळ काहीच बोलली नाही.

"भावजी, दहा कशाला? दोन घ्या. दोन जगल्या तर पुढचं बगू."

अशा रीतीने सुरुवातीलाच माझ्या प्रकल्पाला ऐंशी टक्के कात्री लागली.

आठवडी बाजारात शेळी निवडायला मी स्वतः गेलो. प्रशिक्षणात सांगितलं होतं की वय दातांवरून बघावं. विकणाऱ्याने एका काळ्याभोर शेळीचा जबडा उघडून दाखवला. "बगा साहेब, दोन दाती हाय." मी वाकून नीट बघितलं आणि सरळ उभा राहिलो. माझी फसवणूक होत होती.

"अहो, हिचे वरचे पुढचे सगळे दात पडलेत! म्हातारी शेळी गळ्यात मारताय काय?"

क्षणभर शांतता झाली. मग आधी विकणारा हसला, मग त्याचा पोरगा, मग शेजारचा कोथिंबीरवाला. दादा दुसरीकडे बघत राहिला, माझी ओळख नसल्यासारखा. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, कधीच नसतात. तिथे नुसती कडक हिरडी असते. गाय, म्हैस, मेंढी, सगळ्यांचं तेच. वय बघायचं ते खालच्या दातांवरून: दुधाचे दोन पडून पक्के दोन आले की शेळी साधारण सव्वा-दीड वर्षाची. हे मला कोथिंबीरवाल्याने समजावून सांगितलं.

"वरचे दात असलेली शेळी कुठं घावली तर आमाला बी दावा, साहेब," विकणारा म्हणाला.

त्यानंतर व्यवहार दादाने केला. दोघांनी हात टॉवेलखाली घातले आणि बोटं दाबून भाव चालू झाला. वर दोघांचे चेहरे मख्ख, खाली टॉवेल हलतोय. मी सदतीस वर्षं बँकेत काढली, पण माझे पैसे माझ्यासमोर, माझ्यासाठी आणि मला अजिबात न कळता खर्च होताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. दोघींचे मिळून सतरा हजार झाले, हे टॉवेल काढल्यावर कळलं.

आता उस्मानाबादी शेळ्यांचं असं आहे की दर चारांतल्या जवळपास तीन काळ्या असतात. उरलेल्यांत पांढऱ्या, तपकिरी, ठिपक्यांच्या. मी दोन्ही काळ्या घेतल्या, अस्सल म्हणून. आणि तेव्हापासून आजतागायत मला त्या एकमेकींपासून ओळखता आलेल्या नाहीत. पहिल्याच संध्याकाळी रानातून परत येताना मी दोघींना मोठ्या अभिमानाने आणून दावणीला बांधलं. वहिनी पाण्याची बादली घेऊन आली आणि थबकली.

"भावजी, ही आपली न्हवं. ही पलीकडच्या आत्याची."

"आणि आपली?"

"ती मघाच आलीय एकली. चुलीपाशी बसलीय."

पुढे कानात पिवळे बिल्ले मारून घेतले. त्यावर बारा आकडी नंबर असतो, शेळीचं आधारच म्हणा. मला माझा स्वतःचा आधार नंबर पाठ नाही, तरी दोन्ही शेळ्यांचे पाठ करायचा प्रयत्न मी आठवडाभर केला. वहिनी दोघींना शिंकेवरून ओळखते.

मग मी पुण्याला परतलो आणि गोठ्यात कॅमेरा बसवला. इथून माझ्या शेळीपालनाचं खरं पर्व सुरू होतं. रोज रात्री जेवण झालं की मी मोबाइल घेऊन बाल्कनीत बसायचो. दिवसा ठीक होतं. रात्री काळा गोठा, काळ्या शेळ्या आणि त्यात वीज गेलेली. पडद्यावर दिसायचे ते फक्त चकाकणारे डोळे. मी पद्धत बसवली: ठिपके मोजायचे, दोनाने भागायचं. चार ठिपके म्हणजे दोन शेळ्या, सब ठीक.

दुसऱ्याच रात्री तीन ठिपके दिसले. तीन भागिले दोन म्हणजे दीड शेळी. मी रात्री साडेअकराला दादाला उठवलं. दादा कंदील घेऊन जाऊन आला. "दोन्ही हायत. एक भिंतीकडं तोंड करून हाय." शेळीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, बाहुली आडवी, त्यामुळे तिला जागच्या जागी उभं राहून जवळजवळ चौफेर दिसतं. तिला सगळं दिसतं, पण आपल्याला तिचा एकच डोळा दिसतो, ही गोष्ट माझ्या भागाकारात नव्हती. तिसऱ्या रात्री सहा ठिपके झाले. सहातले दोन मांजराचे निघाले. चौथ्या रात्रीपासून दादाने फोन उशाखाली ठेवणं बंद केलं.

खाण्याच्या बाबतीत तर माझी सपशेल दिशाभूल झाली होती. शेळी काहीही खाते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. विनोदी लेखांत ती हमखास महत्त्वाचा कागद खाते. मी गावी गेलो तेव्हा माझा तो १०,२४० शेळ्यांचा कागद वाऱ्याने उडून खरंच गव्हाणीत पडला. थोरलीने (किंवा धाकटीने) त्याचा वास घेतला, वरचा ओठ उचलला आणि मान फिरवली. इतकं साधं गणित शेळीलासुद्धा पटलं नाही.

चाऱ्याचंही तेच. खाली पडलेला, पायाखाली आलेला पाला ती पुन्हा तोंडात घेत नाही. पाण्यात काडी दिसली तरी तोंड लावत नाही. आमच्या घरातली पाहुणेमंडळी इतके नखरे करत नाहीत. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे मी प्लॅस्टिकच्या टाकीत अझोला वाढवला होता. हिरवागार, प्रथिनांनी भरलेला. दोघींनी टाकीकडे असं बघितलं की मीच शरमलो. आणि त्याच दोघींनी त्याच दुपारी शेजाऱ्याच्या बांधावरच्या कडुलिंबाची साल पुरुषभर उंचीपर्यंत सोलून काढली. शेजारी भांडायला आला, तेव्हा मी त्याला अझोल्याचे फायदे समजावून सांगत होतो.

थोड्या दिवसांनी एका रात्री कॅमेऱ्यातून ओरडणं ऐकू यायला लागलं. एक शेळी सारखी बें बें करत होती, शेपटी हलवत होती, खात नव्हती. मी लगेच शेळीपालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. एकाने पोटफुगी सांगितली, एकाने जंत, एकाने दृष्ट. आंत्रविषाराची लस, पीपीआरची लस, हळद-गूळ, सगळं सुचवून झालं. मेहुण्याचं मत होतं की बोअर घेतली असती तर हे झालं नसतं. तीन दिवसांनी चर्चा संपवून मी वहिनीला फोन केला.

"भावजी, ती माजावर आली व्हती. आता उतरली बी."

शेळीचा माज टिकतो एक-दीड दिवस. मग पुन्हा २१ दिवस थांबा. आमच्या ग्रुपचा माज मात्र कधीच उतरत नाही.

दोन शेळ्यांसाठी बोकड पाळणं परवडत नाही. एक बोकड वीस-पंचवीस शेळ्यांना पुरतो. त्यामुळे २१ दिवसांनी शेळी घेऊन गावातल्या बोकडाकडे जायचं ठरलं आणि नेमकी त्या वेळी बायको माझ्याबरोबर होती. बोकड दिसायच्या आधी त्याचा वास आला. हंगामात आलेला बोकड स्वतःच्याच दाढीवर, तोंडावर मुततो. शेळ्यांना म्हणे ते आवडतं. बायकोने नाकाला पदर लावला आणि त्या भारदस्त, दाढीवाल्या, आत्मविश्वासाने ओसंडणाऱ्या जनावराकडे बराच वेळ बघितलं.

"लग्नाआधी तू तो जाईचा सेंट लावून यायचास," ती म्हणाली.

मी विषय बदलला.

शेळी गाभण राहिली. कालनिर्णयवर १५० दिवस मोजून मी तारखेला लाल गोल केला. त्या आठवड्यात मी गावी जाणारच होतो. पण शेळ्यांकडे कालनिर्णय नसतं. तारखेच्या चार दिवस आधी, रात्री दोनला मला जाग आली. सवयीने मोबाइल बघितला. चार ठिपके. ठीक. उशी नीट करून पुन्हा बघितलं तर खाली, जमिनीलगत, आणखी दोन बारीक ठिपके. सहा. मांजर असेल म्हणून झोपणार, तोच त्यांच्याशेजारी आणखी दोन उघडले. आठ. भागिले दोन.

मी बायकोला हलवलं, दिवे लावले, गावी फोन लावला. या वेळी वहिनीने उचलला.

"झालं सगळं, भावजी. जुळं हाय. वार पडली, चीक बी पाजला. झोपा आता तुमी."

आयुष्यात इतकी बरोबर बेरीज मला दुसऱ्यांदा जमलेली नाही.

मग दूध. शेळीला सड दोनच. दोन करडं पिऊन जे उरतं त्याला दूध म्हणायचं. रोजचं अर्धा लिटर धरलं होतं, आलं वाटीभर. ती वाटी तरी आपल्या हाताने काढावी म्हणून मी एकदा धार काढायला बसलो. शेळीने पाय झाडला. वाटी एकीकडे, मी दुसरीकडे आणि चष्मा शेणात. "किती तो अजागळपणा!" बायको म्हणाली. गेली पस्तीस वर्षं ती मला अजागळच म्हणत आलीय. त्या दिवशी शेणात बसल्या बसल्या वर बघितलं तर शेळीच्या गळ्याखाली मांसाची दोन बोंडं लोंबताना दिसली. नंतर शब्दकोशात शोधलं. त्यांना संस्कृतात अजागलस्तन म्हणतात, म्हणजे शेळीच्या गळ्यातले स्तन. दिसायला स्तन, पण दूध थेंबभर नाही, उपयोग शून्य. त्यावरूनच मराठीत अजागळ आला म्हणतात. बायकोची भाषा किती काटेकोर आहे, ते मला निवृत्तीनंतर कळलं.

पावसाळ्यात पुण्यात डेंग्यूची साथ आली आणि अचानक माझा भाव वधारला. ज्या सोसायटीत माझ्या शेळीपालनावर हसत होते, तिथूनच फोन यायला लागले. "साहेब, शेळीचं दूध मिळेल? प्लेटलेट वाढतात म्हणे." याला काही आधार नाही असं डॉक्टर सांगून थकले, पण डॉक्टर फी घेऊन सांगतात आणि मोबाइल फुकट सांगतो, त्यामुळे मोबाइलवर विश्वास जास्त. मी एक लिटर दूध थर्मासमध्ये घालून एसटीने आणलं. चेअरमनच्या मुलाने एक घोट घेतला आणि तो अंथरुणातून ताडकन उठून बेसिनकडे धावला. त्याला बरं वाटलं असावं. बोकड जवळ बांधलेला असला की दुधाला त्याचा वास लागतो, हे मला नंतर वहिनीने सांगितलं. त्या आठवड्यात आत्याचा बोकड आमच्या दावणीला होता.

उरला बोकडाचा प्रश्न. जुळ्यातलं एक बोकड होतं. नात सुट्टीत आली होती. तिने त्याचं नाव बुंदी ठेवलं. वहिनी म्हणाली, "इकायचं त्याला नाव ठिवू नये भावजी." पण नाव ठेवलं गेलं होतं. बुंदी माझ्या मागे मागे फिरायचा, बाजेवर उड्या मारायचा, माझ्या पाठीवर चढून पिंपळाचा पाला ओढायचा. नऊ महिन्यांचा झाला तेव्हा व्यापारी आला. त्याने कमरेवर हात ठेवून, पाठीचा कणा दाबून बघितला, जसा दुकानात आपण कलिंगडावर टिचक्या मारतो. टॉवेलखाली दादाची बोटं हलली. मी विहिरीकडे निघून गेलो. परत आलो तेव्हा माझ्या खिशात साडेआठ हजार होते आणि नातीला फोनवर काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नव्हतं.

त्याच महिन्यात मेहुण्याकडे जेवायला होतो. मटण होतं, "अस्सल उस्मानाबादी" असं त्याने दोनदा सांगितलं. पुण्यातल्या प्रत्येक दुकानात मटण अस्सल उस्मानाबादीच असतं. आमच्या जिल्ह्यात एवढ्या शेळ्या असत्या तर माझ्या कागदाची गरजच पडली नसती. मी वरण-भात घेतला. मेहुण्याने पहिला तुकडा चावत चावत बराच वेळ घालवला आणि म्हणाला, "थोडं वातड आहे."

दोन वर्षं झाली. कागदाप्रमाणे दोन शेळ्यांची बारा करडं व्हायला हवी होती. झाली सात. दोन पावसाळ्यातल्या गारठ्यात गेली, तीन बोकड टॉवेलखाली गेले, दोन पाटी उरल्या. कॅमेरा, लाकडी माच, अझोल्याची टाकी आणि माझं एसटीचं भाडं वजा केलं, तर धंदा तोट्यात आहे. एसटीचं भाडं धरू नका म्हटलं, तरी तोट्यातच आहे. पलीकडच्या आत्याकडे सहा शेळ्या आहेत. तिला कॅमेरा नाही, ग्रुप नाही, कागद नाही. गेल्या वर्षी तिने शेळ्यांच्या पैशांतून घरावर नवा पत्रा टाकला.

माझ्या हिशेबातला एकच रकाना आजवर तंतोतंत बरोबर आला, किंबहुना वरच गेला, तो म्हणजे लेंड्यांचा. पाऊस असो, माज असो, साथ असो, त्यात कधी खंड नाही. गोठ्यामागे सध्या बारा पोती लेंडीखत कुजून, वाळून, चाळून तयार आहे. कुंड्यांतल्या गुलाबाला, जास्वंदीला उत्तम, अजिबात वास नाही. पुण्यात कुणाला हवं असेल तर सांगावं, आणून देईन. मात्र रिकामी पोती परत करावीत, ती वहिनीची आहेत.